तुंबलेली लाईन तळमजल्याची नसते, अख्ख्या इमारतीची असते

"अगं, मोरी बोलायला लागली."

सासूबाई एवढं म्हणाल्या की पुढचं कुणाला सांगावं लागायचं नाही. मुलगा जिन्याने वर पळायचा आणि दारं वाजवत सुटायचा, "काकू, नळ बंद ठेवा, मशीनचं पाणी सोडू नका!" मी नहाणीच्या जाळीवर जुन्या चादरीची घडी दाबून त्यावर भरलेली बादली ठेवायचे. नवरा सेक्रेटरींना फोन लावायचा. तरी पाणी यायचंच. आधी गुडगुड, मग बुडबुडे, मग काळं पाणी आणि त्यावर तरंगणारी वरच्या घरांतली शितं. सासूबाईंचं देवघर पॅसेजच्या टोकाला आहे. दोन वेळा त्यांनी देव उचलून कपाटावर ठेवले आणि दुसऱ्या वेळी त्या रडल्या. 84 वर्षांच्या बाईला आपल्या घरात दुसऱ्यांच्या मैल्यात उभं राहावं लागतं, हे मी आयुष्यात विसरणार नाही.

ठाण्यात नौपाड्यातली आमची इमारत 1979 सालची, तळमजला अधिक तीन, सोळा घरं. ठाणे महापालिका 1982 ची, म्हणजे आमची ड्रेनेज लाईन महापालिकेहून जुनी. पंचेचाळीस वर्षांत रंग तीनदा झाला, पाण्याच्या टाक्या बदलल्या, गेटवर कॅमेरे आले. जमिनीखालच्या पाईपकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. पाणी फक्त तळमजल्यावर यायचं, त्यामुळे तो "तुमच्याकडचा प्रॉब्लेम" होता. मीटिंगमध्ये हे शब्द मी कितीदा ऐकलेत! वरच्या बारा घरांचं पाणी खाली येऊन अडकतं आणि सगळ्यांत खालचं भोक आमच्या नहाणीचं, म्हणून ते तिथून बाहेर पडतं. यात आमचं काय चुकलं? सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये ड्रेनेज लाईनची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची असं स्पष्ट लिहिलंय. तिथे तळमजला, वरचा मजला असा भेद केलेला नाही.

दर वेळी बांबूवाले यायचे. चेंबरचं झाकण उघडायचं, बांबूच्या लांब पट्ट्या एकमेकींना बांधून आत सरकवायच्या, दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे करायचं. घळकन आवाज येऊन पाणी उतरायचं, सगळे "निघालं, निघालं" म्हणत घरी जायचे. अठराशे रुपये. एकदा मी सोसायटीची व्हाउचरं काढून बसले. चार वर्षांत 41 वेळा, म्हणजे सुमारे 74 हजार रुपये. आणि लाईन होती तशीच.

चोकअप काढणं वेगळं आणि लाईन दुरुस्त करणं वेगळं, हे आम्हाला समजायला इतकी वर्षं लागली. बांबू अडथळ्याला भोक पाडतो, अडथळा काढत नाही. त्या भोकातून पाणी जातं, पुन्हा तेल, साबणाचा मळ, केस, डाळभात चिकटतो आणि काही आठवड्यांत भोक बुजतं.

शेवटी मागच्या एप्रिलमध्ये आम्ही तळमजल्याच्या चारही घरांनी पैसे काढून पाईपमध्ये कॅमेरा सोडणाऱ्यांना बोलावलं. आधी जेटिंगने, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी मारून, लाईन धुतली, मग केबलला लावलेला कॅमेरा आत गेला. कंपाउंडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर छोटी स्क्रीन ठेवली होती आणि आम्ही सात-आठ जण वाकून बघत होतो. त्या काळी टाकायचे तसे चिनी मातीचे तपकिरी, झिलईचे पाईप. एकेक पाईप दोन फुटांचा, म्हणजे आमच्या सत्तर फुटांच्या लाईनमध्ये पस्तीसच्या आसपास सांधे. सांध्यात सुतळी आणि सिमेंट. पहिले काही सांधे ठीक होते. पुढे एका सांध्यातून केसासारखं काहीतरी लोंबत होतं, त्याच्या पुढच्यातून जास्त, आणि मग स्क्रीनवर नुसत्या जटाच जटा. कंपाउंडच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळाची मुळं. सिमेंटला बारीक चीर गेली की ओल बाहेर येते, त्या ओलीच्या मागे मूळ आत शिरतं आणि आत खतपाणी मिळाल्यावर फोफावतं. जेटिंगने ते तुटलं तरी पुन्हा फुटतं.

तिथून पुढे पाईपला पोट सुटलेलं होतं. सहा इंची पाईपला साधारण साठ फुटांमागे एक फूट उतार लागतो. आमच्याकडे जमीन दबून मधले पाईप खाली गेले होते, त्या खळग्यात पाणी कायम साचलेलं आणि तळाशी गाळ. बांबू त्यावरून जाऊन येत होता, इतकंच.

तिसऱ्या मजल्यावरचे काका, ज्यांनी प्रत्येक मीटिंगला खर्चाला विरोध केला होता, ते त्या स्क्रीनसमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "वहिनी, हे आधी का नाही दाखवलंत?" मला राग आला, पण त्यांचं खरंही होतं. जमिनीखालचं कुणाला दिसत नाही, आणि दिसत नाही त्याला पैसे द्यायला माणूस तयार होत नाही.

दुसरी अडचण नौपाडा, चरई, पाचपाखाडी इथल्या जुन्या इमारतींतल्या सगळ्यांना माहीत असेल. "आता रीडेव्हलपमेंट होणारच आहे, कशाला खर्च?" आमच्याकडे हे 2012 पासून चाललंय. बिल्डर आले, प्लॅन दाखवून गेले, चटईक्षेत्रावरून भांडणं झाली. इमारत पाडायची तारीख हातात असेल तर थांबा, माझं काही म्हणणं नाही. पण तारीख नसताना माणसांना मैल्यात ठेवणं हा क्रूरपणा आहे. हा शब्द मी विचार करून वापरतेय.

मे महिन्यात काम झालं. लाईन उकरली, सहा इंची यूपीव्हीसीचे, म्हणजे कडक प्लॅस्टिकचे, पाईप लेव्हल लावून टाकले, चार चेंबर नव्याने बांधले, आतल्या तळाला अर्धगोल पन्हळ केली. भिंतीतला पिंपळ मुळासकट काढला. 3 लाख 20 हजार रुपये, म्हणजे घरटी वीस हजार. दोन हप्त्यांत घेतले. दोघांनी दिले नाहीत, ते अजून यायचेत.

खोदताना आणखी एक गोष्ट सापडली. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाईप कुणीतरी कधीतरी थेट मैल्याच्या चेंबरमध्ये सोडला होता, कंपाउंडमध्ये पाणी साचू नये म्हणून. पावसाचं पाणी पावसाळी गटारात जायला हवं. मोठी सर आली की अर्ध्या तासात आमच्याकडे पाणी का येतं, याचं उत्तर तिथे मिळालं. तुमच्या इमारतीतही फक्त पावसाळ्यात त्रास होत असेल तर आधी हे तपासा. दुसरं, रस्ता. काँक्रीट होता होता आमचा रस्ता कंपाउंडपेक्षा नऊ इंच वर गेलाय. बाहेरची मोठी लाईन भरली की तिथलं पाणी उलटं आत यायचं, म्हणून शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप, बसवला. मात्र तो बंद असतो तेव्हा आपलंही पाणी बाहेर जात नाही, त्यामुळे तेवढा वेळ वरच्यांनी नळ आवरावे लागतात. शिवाय त्याच्या झडपेत कचरा अडकला तर तो असून नसल्यासारखा, म्हणून महिन्याला साफ करावा लागतो.

दोष कुठे आहे हे शोधायला प्लंबरही लागत नाही. फक्त तुमचंच सिंक तुंबलं असेल तर दोष तुमच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या पाईपमध्ये. वर कुणी फ्लश केल्यावर तुमची नहाणी गुडगुडली तर मुख्य लाईन. चेंबरची झाकणं ओळीने उघडून घ्या. एक भरलेलं आणि पुढचं कोरडं असेल तर गाठ त्या दोघांच्या मध्ये आहे. शेवटचंही काठोकाठ भरलं असेल तर दोष बाहेरच्या लाईनमध्ये, तेव्हा महापालिकेकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

आणि झाकण उघडल्यावर आत कुणालाही उतरवू नका. आमच्याकडेही एकदा एक पोरगा, विशीचा असेल, शर्ट काढून तयार झाला होता आणि कमिटीतले दोघं "उतर रे, दोन मिनिटांचं काम" म्हणत होते. मी आडवी उभी राहिले. गटारात साचणाऱ्या विषारी वायूचा वास आधी येतो आणि प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन वास येणंच थांबतं, त्यामुळे आतल्या माणसाला वाटतं हवा निवळली. मे 2019 मध्ये ठाण्यातच, ढोकाळीत, एका सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत तीन कामगार असेच गुदमरून गेले. 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. त्या मुलाने त्या दिवशी शर्ट परत घातला, मी त्याला चहा दिला. जेटिंगची गाडी दुसऱ्या दिवशी आली. एक रात्र आम्ही नहाणी न वापरता काढली. काही बिघडलं नाही.

मागचा पावसाळा आमच्या घरात कोरडा गेला. जुलैमध्ये रात्रभर पाऊस पडत होता तेव्हा मी सवयीने तीनदा उठून मोरीपाशी गेले. सासूबाई गाढ झोपल्या होत्या.

पावसाला दोन महिने आहेत. लाईन कोरडी असते तेव्हाच कॅमेऱ्याला काही दिसतं, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्येच होतं. आमच्या लाईनचा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे, अकरा मिनिटांचा. ठाण्यात कुणाच्या सोसायटीत हा विषय मीटिंगमध्ये अडला असेल तर मला मेसेज करा. मी व्हिडिओ पाठवेन, आणि जवळपास असाल तर मीटिंगला येऊन दाखवेन.