म्हणे, बायकांनाच वर जायचं नसतं

आमच्या वडोदऱ्यातल्या मराठी ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'आंतरराष्ट्रीय विकासाचं क्षेत्र बायकांचंच. वर पोचत नाहीत त्यांना संसार सोडून फिल्डवर जायचं नसतं. आता तर कोटा लावून पदं वाटतात. आपल्या मुलींनी त्यापेक्षा बँकेची परीक्षा द्यावी.' दांडिया बाजारातल्या काका-मावश्यांनी त्यावर अंगठे उमटवलेत. संयुक्त राष्ट्रं, जागतिक बँक, सामाजिक संस्था गरीब देशांत जे काम करतात, ते हे क्षेत्र. या कामात मी सोळा वर्षं काढली, म्हणून लिहितेय.

'बायकांचंच क्षेत्र.' गावात बाळांची वजनं घेणारी, बचत गटाची वही तपासणारी बाईच असते, खरं आहे. वर बघा. १९४६ ते २०२५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे नऊ महासचिव झाले, नऊही पुरुष. जागतिक बँकेचे अध्यक्षही पुरुषच. २०१९ मध्ये क्रिस्तालिना जॉर्जिएव्हांनी काही आठवडे हंगामी कारभार पाहिला, तेवढाच काय तो अपवाद.

'फिल्डवर जायचं नसतं.' हे मला सगळ्यात जास्त लागलं. काबूलसारख्या ठिकाणी संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्याला कुटुंब सोबत नेता येत नाही. पुरुष जातो तेव्हा मागे त्याची बायको घर, मुलं, सासूबाईंची औषधं सगळं बघते. बाई निघाली की मुलाखतीतच प्रश्न येतो, 'घरी कोण बघणार?' एका संस्थेत मलाही विचारला होता. मुलगी चार वर्षांची होती, आई राहायला येणार होती, तसं मी सांगितलंही. पोस्टिंग मिळालं माझ्यानंतर लागलेल्या सहकाऱ्याला. त्याला दोन मुलं होती, पण त्याला कुणी काही विचारलं नाही.

शिवाय कितीतरी जणी वर्षानुवर्षं सल्लागार म्हणून करारावरच राबतात. २०२३ पासून संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक पालकाला सोळा आठवडे पगारी रजा मिळते, बाळंतिणीला आणखी दहा. ती कर्मचाऱ्यांना, सल्लागारांना नाही. बाळंतपणात करार संपतो, बायोडेटात खंड पडतो, आणि मग लोक म्हणतात की तिलाच नको होतं.

'कोटा लावून पदं.' २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी समानतेचं धोरण आखलं. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च पूर्णवेळ पदांवर ९० स्त्रिया आणि ९० पुरुष होते. तीन वर्षांत इतक्या लायक बायका काही नव्याने घडल्या नाहीत. त्या होत्याच, त्यांना कुणी शोधत नव्हतं.

आणि 'आपल्या मुली'? आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या. १९४८ च्या मानवाधिकार जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते. तिथे 'सर्व माणसं' हवं, असा आग्रह त्यांनी धरला आणि पहिलं कलम तसंच मंजूर झालं.

समाजकार्यात एमएसडब्ल्यू करणाऱ्या, दांडिया बाजारातल्याच एका मुलीचा परदेशातल्या कामासाठीचा अर्ज सध्या माझ्याकडे वाचायला आहे. चांगला लिहिलाय. तिच्या आईला तेवढा ग्रुपवरचा तो मेसेज पाठवू नका.