नसा ढिल्या, म्हणे

परवा रात्री गावच्या ग्रुपवर पुन्हा तो मेसेज पडला. वर तीन लाल गोळे, खाली जोडलेले हात, आणि मधात: "तरुणांनो सावधान! १०० थेंब रक्तापासून १ थेंब वीर्य बनते. हाताने वीर्य घालवणाऱ्याच्या नसा ढिल्या पडतात, लिंग वाकडे व बारीक होते, लघवीतून धात जाते, लग्नानंतर नामर्दपणा येतो. ९० दिवसांचा कोर्स, गॅरंटी, आजच फोन करा." खाली चौदा अंगठे. त्यातल्या तिघांची बीपीची गोळी माझ्याच काउंटरवरून जाते, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू.

माझं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजारगावात मेडिकल आहे. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे मी. पण या विषयातला माणूस डॉक्टरच्या आधी माझ्याकडे येतो, तेही दुकानात बाई नसली की. समोरच्या पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभा राहतो, बाई गेली की येतो, डोकेदुखीची गोळी मागतो, सुट्टे पैसे मोजून देतो, आणि मग आवाज खाली घेऊन, "भाऊ, ते ताकदीचं काही हाय काय?"

तं रक्तापासून सुरू करू. हिशोबच करा नं. एका वेळेला साधारण दीड ते पाच मिली वीर्य निघते, आपण तीन धरू. मिलीचे वीस थेंब म्हणजे झाले साठ. मेसेजच्या भावाने साठचे सहा हजार थेंब रक्त, म्हणजे ३०० मिली. रक्तदानाच्या शिबिरात ३५० मिलीची पिशवी भरतात, वरून चहा-बिस्किट देतात आणि पुढचे तीन महिने तुम्हाला हात लावत नाहीत. या हिशोबाने नवीन लग्न झालेला पोट्टा पंधरा दिवसात पांढराफटक पडून सलाईनवर पाहिजे, कारण अंगात रक्तच सगळं पाचेक लिटर. पडलेला पाहिला काय कोणी? हाताने गेलं काय अन् बायकोजवळ गेलं काय, नळ तोच, पाणी तेच. मेसेजवाला लग्नातल्या वीर्याबद्दल चूप बसतो, काऊन तं तिथं त्याचं गणित फसते. खरं म्हणजे त्यातला बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींतला द्रव असतो, त्यात पाणी, थोडी फ्रुक्टोज साखर, थोडं झिंक. शुक्राणू म्हणाल तं दोन ते पाच टक्के. त्यांची एक खेप तयार व्हायला अडीच महिने लागतात, पण कारखाना रोज चालू असतो, नाही वापरले तर शरीर जुने मोडून टाकते. मडक्यात तूप साठवल्यासारखं त्याचं काही साठत नाही.

आता नसा. मेसेजमधलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त चीड आणते, कारण ते नेमकं उलटं आहे. लिंगात दोन स्पंजासारख्या नळ्या आहेत. एरवी त्यांच्या रक्तवाहिन्यांचे स्नायू आवळलेले असतात, म्हणून रक्त कमी येते आणि अवयव नरम राहतो. मन लागलं की मेंदूकडून निरोप येतो, तिथं नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होते, ते स्नायू सैल पडतात, रक्त आत भरते आणि भरलेला स्पंज बाहेर जाणाऱ्या शिरा दाबून धरतो. म्हणजे आतलं आवळलेलं ढिलं झाल्याशिवाय ताठरता येतच नाही राजेहो! १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली ताठरतेची ती निळी गोळी, व्हायग्रा म्हणजे सिल्डेनाफिल, हेच करते, ढिलं पडलेलं ढिलं राहू देते. हाताच्या घासण्याने यातलं काहीही झिजत नाही. थोडासा बाक तं कितीतरी पुरुषांना जन्मापासून असतो. चाळिशी-पन्नाशीत नवीन वाकडेपणा आला, गाठ लागली, दुखलं, तर डॉक्टरला दाखवा, पण तेही वेगळंच दुखणं आहे.

मग आवळते कशाने? भेवाने आवळते, तंबाखूने आवळते, आणि शुगर-बीपीने नळीच खराब होते.

भेवाचं आधी. मागच्या वर्षी साक्षगंध झालेला एक पोट्टा आला होता, चोवीस-पंचवीसचा, वावरातून सरळ, पायाला माती तशीच. म्हणे, "भाऊ, मी लहानपणापासून ते करून राह्यलो, मेसेजात लिवलं हाय का आता नामर्द होते, लग्न मोडू काय?" मी विचारलं सकाळी उठल्यावर ताठरता असते काय. म्हणे रोज असते. म्हटलं मग मशीन चालू आहे, बह्याडा, तुझ्या डोक्यात मेसेज घुसला आहे. गंमत अशी की असाच पोरगा पहिल्या रात्री खरंच फसू शकतो, कारण तो बायकोपेक्षा स्वतःवर पहारा देत बसतो, अंगात अॅड्रेनलिन, म्हणजे भेवाचं हार्मोन, चढते आणि अॅड्रेनलिन त्याच नळ्या आवळते. दुसऱ्या रात्री दुप्पट भेव. मग माणूस म्हणतो पाहा, मेसेज खरा होता. म्हणजे मेसेजच आजार देऊन राहिला अन् मेसेजच दवा विकून राहिला.

धातीचंही तसंच. लघवी कधी गढूळ येते ती फॉस्फेटच्या क्षारामुळे, कधी इन्फेक्शनमुळे, आणि शौचाला जोर लावला की एखादा चिकट थेंब येतो तो ग्रंथींचा. ताकद जात नाही. या भेवालाच मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये धात सिंड्रोम नाव दिलं. माणसाला थकवा, उदासी खरीच असते, इलाज त्या उदासीचा करायचा असतो.

हा भेव आपल्या पूर्वजांचाच आहे असंही समजू नका. १७६० मध्ये तिसो नावाच्या स्विस डॉक्टरने यावर अख्खं पुस्तक लिहून युरोप घाबरवून सोडला होता. आणि आपल्याकडे संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे, त्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. दीक्षाभूमीला दरवर्षी जाणाऱ्या आमच्या ग्रुपवरच्या किती जणांना हे माहीत आहे कोण जाणे.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. रोज मोबाईलवर तेच ते पाहून, मूठ घट्ट आवळून, दोन मिनिटात उरकायची सवय लागली असेल तर काही जणांना बायकोजवळ तशी उत्तेजना येत नाही किंवा वीर्य लवकर निघत नाही. हे सवयीचं आहे, नस मेल्याचं नाही, काही आठवडे मोबाईल बाजूला आणि हात हलका ठेवला की बऱ्याच जणांचं सुधारते. आणि झोप, काम, वावर सोडून माणूस त्यातच राहत असेल तर तो प्रश्न मनाचा आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता खरे आजारी कोण. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांची पाहणी झाली होती, १९९४ मध्ये छापली, ५२ टक्क्यांना ताठरतेचा कमीजास्त त्रास निघाला, आणि तो शुगर, बीपी, हृदयाच्या आजाराबरोबर जास्त दिसला. कारण सोपं आहे. कपाशीच्या वावरात ठिबक असलेल्याला लगेच समजेल: आधी बारीक लॅटरल चोक होते, मेन लाइन नंतर. लिंगाची धमनी एक-दोन मिलीमीटरची, हृदयाची तीन-चारची. म्हणून खालची तक्रार पुष्कळदा छातीच्या तक्रारीच्या दोन-चार वर्षं आधी येते.

माझ्याकडे एक सेहेचाळीस वर्षांचा माणूस यायचा. दिवसाला सात-आठ खर्रे. यात्रेतल्या जडीबुटीच्या तंबूवाल्याने त्याला पोरपणातली सवय विचारली, त्याने मान खाली घालून हो म्हटलं, झालं निदान. सोयाबीनचे पैसे आले त्यातले अकरा हजार रुपये त्याच्या पुड्यांत गेले. मी म्हटलं बोट दे. ग्लुकोमीटरवर ३१२ आली, तेही उपाशीपोटी. रात्री चारदा लघवीला उठत होता, पाय झिणझिण्या मारत होते, पण तंबूत कोणी ते विचारलंच नाही, विचारणारही कसं, शुगर निघाली तर पुडी कोणाला विकणार. ग्रामीण रुग्णालयात शुगर, बीपी फुकट तपासतात. बीपीच्या, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते, पण म्हणून गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरला सांगितलं तर बदलून देतात.

राहिला ९० दिवसांचा कोर्स. कामशक्ती वाढवायच्या औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी एसटी स्टँडच्या मुतारीत, लाइटच्या खांबावर, आता मोबाईलवर, सगळीकडे हेच. "पुडीने फरक पडला भाऊ" म्हणणारेही भेटतात, खोटं नाही बोलत ते. जडीबुटीच्या नावाखाली विकलेल्या अशा मालात सिल्डेनाफिल मिसळलेलं कितीदा पकडलं गेलं आहे. तीच निळी गोळी, फक्त किती टाकली ते तुम्हाला माहीत नाही आणि किंमत वीसपट. जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीच्या कळेची गोळी, ठेवणाऱ्या माणसाने ती पुडी खाल्ली तर बीपी एकदम कोसळते, जीव जाऊ शकतो. त्या चौदा अंगठ्यांपैकी एकाच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी असते, मीच देतो. छातीत कळ येऊन दवाखान्यात पोचलात तं डॉक्टरला आधी सांगा, पुडी कधी खाल्ली, किती वाजता खाल्ली.