कळसाध्यायाची वाट

रविवारी रात्री साडेआठला आमच्याकडे खिचडी असते. जपानात त्याच वेळी बारा वाजून सोमवार लागतो आणि 'वन पीस' या मंगाचं नवं प्रकरण अ‍ॅपवर येतं. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. माझी खिचडी मात्र दर रविवारी गार होते.

"कोण ही मंगा?" असं आईने पहिल्यांदा विचारलं तेव्हा आवाजात काळजी होती. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा, ती उजवीकडून डावीकडे वाचतात, एवढं समजावल्यावर काळजी गेली नाही, नुसती बदलली.

आई स्वतः गुरुचरित्राचं पारायण करते. बावन्न अध्याय, सात दिवस, काम फत्ते. एकदा तिने सहज विचारलं, "तुझ्या पोथीचे किती अध्याय झाले रे?"

"अकराशेच्या वर."

"आणि कधीपासून वाचतोयस?"

"२००६ पासून."

आई बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, "तुझंच काहीतरी चुकत असणार. नीट वाचत नसशील."

चूक माझी नाही हो. एइचिरो ओदा यांनी ही गोष्ट जुलै १९९७मध्ये 'शोनेन जंप' या साप्ताहिकात सुरू केली, तेव्हा पाचेक वर्षांत आटोपेल असा त्यांचा अंदाज होता. आपण पंचवार्षिक योजनांच्या देशातली माणसं, आपल्याला यात नवल ते काय? शिवाय कथेचा नायक लुफी हा खजिन्याच्या शोधात साथीदारांसह होडीतून निघालेला रबराचा मुलगा. हवा तेवढा ताणला जातो, तुटत नाही. पहिल्याच प्रकरणात इतकी स्पष्ट सूचना दिलेली असताना आम्ही ती नायकापुरतीच समजलो, यात लेखकाचा काय दोष?

जुलै २०२२मध्ये, चार आठवड्यांच्या सुट्टीनंतर, शेवटचं पर्व सुरू झालं. मी तेव्हा ऑफिसात पेढे वाटायचा बाकी होतो. बायको म्हणाली, "शेवटचं म्हणजे अजून किती?" तिचं माहेर सार्वजनिक कार्यक्रमांचं, त्यामुळे अनुभव दांडगा. वक्ता 'शेवटी एवढंच सांगतो' म्हणाला की तिच्याकडची माणसं मांडी बदलून बसतात. खरं भाषण तिथून पुढे असतं. तसंच झालं. शेवट सुरू झाला आणि तेव्हापासून तो सुरूच आहे.

आता खरा छळ सांगतो. विशीत ही गोष्ट वाचायला लागलो तेव्हा एका होडीत पाच-सहा जण असायचे, पानावर मोकळं आभाळ असायचं, एक माणूस रडायला लागला की अर्धं पान त्याचंच. आता पंधरा-सतरा पानांत अख्ख्या जगाची व्यवस्था लावायची असल्यामुळे एकेका पानावर लग्नाच्या हॉलसारखी गर्दी असते. त्यात मला चाळिशी लागलेली. फोन नाकाजवळ नेतो, लांब धरतो, दोन बोटांनी चौकट मोठी करतो, तर नेमका बोलणाऱ्याचा फुगा स्क्रीनबाहेर जातो. कोपऱ्यात एक टोपीवाला इसम उभा असतो. "अखेर ती वेळ आली तर," असं काहीतरी गूढ बोलतो. पुढच्या चौकटीत त्याला पाहून दहा जणांचे जबडे पडतात. माझा पडत नाही, कारण हा कोण, हेच मला आठवत नाही. याला मी शेवटचं पाहिलं तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. लग्नाच्या पंगतीत "ओळखलंस का मला?" असं विचारून समोर उभ्या राहणाऱ्या काकांपुढे जे होतं, ते मला आता दर आठवड्याला होतं. फरक इतकाच, की काकांना नमस्कार करून सुटता येतं.

तरीही वाचतो. का, ते एका रात्रीमुळे. २००६ साल, हॉस्टेल, कुणाच्या तरी हार्डडिस्कवरून उचललेली प्रकरणं. 'गोइंग मेरी' ही या मंडळींची मेंढ्याच्या तोंडाची छोटी होडी मोडकळीला येते आणि भर समुद्रात तिला अग्नी देतात. जळता जळता होडी माफी मागते, की तुम्हाला अजून पुढपर्यंत न्यायचं होतं. मी ढसाढसा रडत होतो. रूम पार्टनर दचकून उठला. "घरी काही झालं का रे?"

"होडी गेली," मी म्हणालो.

त्याने दिवा लावला, पाणी दिलं आणि सकाळी बाकीच्या विंगला सांगितलं, की माझ्या घरच्यांचा कोकणात मासेमारीचा धंदा असून तो बुडाला. आठवडाभर मेसमध्ये मला पहिली पोळी मिळत होती. मीही खुलासा केला नाही.

सध्याच्या प्रकरणांत असं रडू येत नाही. कोडी सुटतात, वीस वर्षांपूर्वी टाकलेल्या धाग्यांना गाठी बसतात, डोकं "वा!" म्हणतं आणि डोळे कोरडे राहतात. हिशेब चोख लागला की बँकवाले जसे खूश होतात, तसा मी खूश होतो. आता हे कथेचं म्हातारपण की माझं, यावर मी बरेच दिवस स्वतःशी वाद घालत होतो. निकाल लेकीने लावला.

आठवीतल्या आमच्या कन्येने मे महिन्याच्या सुट्टीत पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली आणि शाळा उघडायच्या आत मला गाठलं. 'वानो' देशाची लढाई मला २०१८ ते २०२२ अशी चार वर्षं पुरली होती. तिला चार दिवस. "बाबा, वानो कसलं भारी आहे! तुला कंटाळवाणं कसं वाटलं?" अगं, तू ताट भरून साबुदाण्याची खिचडी खाल्लीस. मला चार वर्षं आठवड्याला एक दाणा मिळत होता, आणि मध्येच "पुढच्या आठवड्यात दाणा नाही" अशी सूचना. टोपीवाला इसम कोण, हे तिला नावगावासकट ठाऊक असतं. आता मी वाचताना तिला शेजारी बसवतो. माझ्या वडिलांना मी फोनवरचे मेसेज वाचून दाखवायचो, तशी ती मला सांगते, "हा तो रे, त्या बेटावरचा."

शेवटाचं भय मात्र तिला नाही. मला आहे. 'अटॅक ऑन टायटन' ही दुसरी गाजलेली मंगा एप्रिल २०२१मध्ये संपली तेव्हा शेवटावरून वाचकांत झालेली भाऊबंदकी मी पाहिली आहे. हेवा वाटतो तो 'कोचिकामे'चा. टोकियोतल्या कामेआरीच्या एका उपद्व्यापी पोलिसाची ही विनोदी मालिका त्याच साप्ताहिकात चाळीस वर्षं चालली आणि सप्टेंबर २०१६मध्ये दोनशे खंड पुरे करून थांबली. तिच्यात खजिनाच नव्हता, त्यामुळे शेवटी काय निघणार, ही धास्ती नाही. आमच्याकडे पहिल्याच प्रकरणात खजिन्याची दवंडी पिटलेली. एवढ्या वर्षांचं व्याज धरून तो निघायला हवा.

जून २०२३मध्ये ओदांनी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी महिनाभर सुट्टी घेतली. बातमी वाचून मी स्वतःचा चष्मा काढून पुसला. चिडचिड झालीच नाही. उलट वाटलं, घ्या हो, सावकाश घ्या. डोळे तुमचेही गेले, आमचेही चाललेत.

या कथेत लाबून नावाचा एक देवमासा आहे. परत येतो म्हणून गेलेल्या मित्रांची वाट पाहत त्याने पन्नास वर्षं डोंगरावर डोकं आपटलं. त्या मित्रांपैकी ब्रूक तेवढा उरलाय, तोही सांगाडा होऊन. त्यांची भेट अजून व्हायची आहे. खजिन्यात काय निघायचं ते निघो, मी त्या भेटीसाठी थांबलोय. हे मी आईला सांगितलं, तर तिने जपमाळ खाली ठेवली.

"पन्नास वर्षं? आणि भेट नाही अजून?"

"नाही."

"भेटतील ना पण?"

तेव्हापासून रविवारी साडेआठला तीही चौकशी करते. परवा विचारलं, "आले का रे ते माशाकडे?" नव्हते आले. शेवटच्या पानाखाली पुढच्या आठवड्यात प्रकरण नसल्याची सूचना होती.

"संपली की आधी सांग," आई म्हणाली, "मावंदं घालायला हवं. पुरण मी घालीन."

"घाई नाही, आई," मी म्हणालो आणि गार खिचडीवर तूप मागितलं. ते विरघळलं नाही.