विचित्र वाद्य घेताय? आधी त्याचे स्क्रू कोण उघडणार ते बघा

हौशी माणसानं चित्रविचित्र वाद्यं घ्यावीत का, तर घ्यावीत, बिनधास्त घ्यावीत. फक्त पैसे भरायच्या आधी एकच चौकशी करा, की हे बंद पडलं तर आपल्या जळगाव-भुसावळ-धुळ्याच्या पट्ट्यात याचे चार स्क्रू उघडून आत डोकावेल असा माणूस आहे का? असेल तर घ्या, वाद्य दिसायला कितीका येडं असेना. नसेल तर त्याचे कितीही गोड व्हिडिओ बघितले असतील तरी कार्टमधून काढून टाका. लोक आवाज बघतात, लूक बघतात, फॉरेनचा अमका वाजवतो म्हणून घेतात, आणि दुसऱ्या वर्षी ते वाद्य दिवाणाच्या पोटात गोधड्यांखाली जातं.

मी काही कलाकार नाही बरं का. भुसावळला लॅब टेक्निशियन आहे, दिवसभर सीबीसी आणि शुगर, रीतसर शिक्षण म्हणाल तर हार्मोनियमची प्रवेशिका परीक्षा झाली आणि मग लग्न झालं. पण घरात आवाज करणाऱ्या वस्तू बऱ्याच जमल्यात आणि प्रत्येक पार्सलला सासूबाईंचा प्रश्न ठरलेला, "हाई काय लई उनी आते?" (हे काय आणलंस आता?) आणि वाजवून दाखवलं की सगळ्यात आधी त्याच खुर्ची ओढून बसतात, हेही खरं.

तर बॅन्जोपासून सुरू करते. आपण ज्याला बॅन्जो म्हणतो, बॅन्जो पार्टीतला, तो अमेरिकेतला चामड्याच्या तोंडाचा बॅन्जो नाहीच, तो बुलबुल तरंग. आणि बुलबुल तरंग आला जपानच्या ताइशोगोतोवरून, जो नागोयाच्या गोरो मोरितांनी १९१२ साली बनवला, टाइपरायटरसारखी बटणं लावून. एका हातानं बटण दाबायचं, म्हणजे खालची पट्टी तारेला टेकते आणि सूर ठरतो, दुसऱ्या हातानं तार छेडायची. म्हणजे कोणे एके काळी आपल्याकडे हे वाद्य पहिल्यांदा विकत घेणाऱ्या माणसालाही घरच्यांनी हे काय आणलं म्हणून विचारलंच असणार. पण ते टिकलं, आणि माझ्या मते गोड वाजतं म्हणून नाही टिकलं, गोड तर खूप गोष्टी वाजतात. टिकलं कारण तार तुटली तर दुसरी बसवता येते, बटणाची स्प्रिंग गेली तर पेटी दुरुस्त करणारा बसवून देतो, पिकअप (तारेचा आवाज स्पीकरकडे नेणारा भाग) गेला तर बॅन्जो पार्टीतलाच एखादा पोरगा रस्त्याच्या कडेला सोल्डर मारून देतो आणि वरात पुढे सरकते. माझा बुलबुल तरंग चार-पाच हजारांच्या आत पडला, सेकंडहँड, आणि आमच्याकडे खानदेशात कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री तोच चालतो. एकीकडे नैवेद्याच्या रोटांची गडबड, बायकांची गाणी अहिराणीत, मी मागून सूर धरते. गाणं म्हणणारी बाई मध्येच पट्टी बदलते तेव्हा माझी पळापळ होते ते वेगळं.

हार्मोनियमचंही तेच. पेटी आपली वाटते ना? ती फ्रान्समधली, पॅरिसच्या अलेक्झांडर दबेंनी १८४०च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. मीड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) नीट लागत नाहीत म्हणून आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती. एवढी वर्षं सरकारी रेडिओनं दार लावून घेतलं तरी गावोगावच्या भजनी मंडळात पेटी चालूच राहिली. का? तर भात्याला ठिगळ कुणीही लावतो आणि सुराची पट्टी घासून लावणारा कारागीर तालुक्याला सापडतो.

आता उलटं उदाहरण, आणि हे लग्नात नाचणाऱ्या सगळ्यांनी वाचा. नागिन डान्सची जी धून बँडवाले वाजवतात, जिच्यावर दाताखाली रुमाल धरून माणसं रस्त्यावर लोळतात, ती मूळ बीन ही बीन नव्हतीच. १९५४च्या 'नागिन' सिनेमात तो आवाज क्लॅव्हिओलिनचा होता, कल्याणजींनी वाजवलेला, पुढे कल्याणजी-आनंदजी झाले त्यातले कल्याणजी, संगीत हेमंतकुमारांचं. क्लॅव्हिओलिन म्हणजे कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या फ्रेंच माणसानं १९४७ला काढलेला छोटा व्हॉल्व्हवाला कीबोर्ड, एका वेळी एकच सूर. त्या काळात मुंबईत असलं यंत्र घेणं म्हणजे डोकं फिरलेल्या माणसाची खरेदीच म्हणायची. आवाज देशभर पोचला. पण यंत्र? आपल्या आजूबाजूला कुणी क्लॅव्हिओलिन नुसता बघितला तरी आहे का? आता ती धून बँडच्या गाडीवरच्या साध्या कीबोर्डवर वाजते, आवाज राहिला, यंत्र गेलं. नाचणाऱ्याला काही फरक पडत नाही, पण वस्तू घेणाऱ्याला पडतो.

यावर एक जण मला म्हणाला की ताई, असा विचार केला तर नवीन काही होणारच नाही, चरणजित सिंगांनी असा विचार केला असता का? बरोबर आहे, मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२ला रोलँड कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन दहा रागांची डिस्कोच्या तालावर रेकॉर्ड केली, तेव्हा ती कुणी फारशी विचारली नाही आणि २०१०ला पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक कान टवकारून बसले. गंमत म्हणजे तो ३०३ गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून बनवला होता, खपला नाही म्हणून कंपनीनं बंदही केला. पण भाऊ, ते सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणारे व्यावसायिक वादक होते, मुंबईत होते, तो त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. मी मे महिन्यात ४५ डिग्रीच्या भुसावळात, रात्री स्वयंपाक आवरल्यावर हेडफोन लावून बसणारी बाई आहे. माझ्या आणि त्यांच्या खरेदीचा नियम एक कसा असेल?

आता प्रत्यक्ष दुरुस्तीचं सांगते, कारण लोक उगाच घाबरतात. ऐंशी-नव्वदच्या दशकातला जुना छोटा कॅसिओ कीबोर्ड मिळतो ना, चार-पाच पट्ट्या वाजत नाहीत म्हणून लोक फेकून देतात, त्याचं नव्वद टक्के वेळा काही बिघडलेलं नसतं. उलटा करायचा, मागचे स्क्रू काढायचे (माझ्याकडे सॅम्पलच्या नव्या कोऱ्या डब्या असतात, त्यात स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे ठेवते, नाहीतर लांब स्क्रू चुकीच्या भोकात जाऊन वरच्या बाजूनं प्लॅस्टिक फाडून बाहेर येतो), मग पट्ट्यांखाली रबराची एक लांब पट्टी दिसते, तिच्यावर खालून काळे गोल ठिपके. ते कार्बनचे. कीबोर्डची वरची पट्टी दाबली की ठिपका खालच्या सर्किटला टेकतो आणि सूर लागतो. तिथे वर्षानुवर्षांची धूळ, कधी मुंगीची अंडी, एकात तर हळद होती, कुठून आली देव जाणे. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन ठिपके हलक्या हातानं पुसायचे, सर्किटवरची काळी जागाही पुसायची, वाळू द्यायचं, झालं. इंजेक्शनच्या आधी चोळतात तो स्वॅब नका वापरू, त्यात पाणी बरंच असतं. आणि जोरात घासू नका, कार्बनच निघून आला तर मग खरंच गेलं. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून ते पंधरा-वीस वेळा गोल फिरवायचं. एवढ्यावर चालू होणारे कीबोर्ड लोक भंगारवाल्याला किलोवर देतात, जीव जळतो.

आणि अ‍ॅडॉप्टर! यावर तर वेगळी पोस्ट लिहायला हवी. नऊ व्होल्ट लिहिलंय म्हणून कुठलाही नऊ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर खुपसू नका. पिनच्या आत प्लस की मायनस ते त्या छोट्या गोलाच्या चित्रावर असतं. गिटारच्या इफेक्ट पेडलला आणि जुन्या कॅसिओंना आत मायनस लागतो, आणि कोर्गच्या व्होल्का नावाच्या छोट्या सिंथेसायझरला, तोही नऊ व्होल्टच, आत प्लस. दोन्ही एकाच टेबलावर असतील तर अ‍ॅडॉप्टरला रंगीत टेप चिकटवा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एका दुकानदारानं मला "चालतंय ताई, सगळं सारखंच असतं" म्हणून उलटा अ‍ॅडॉप्टर द्यायला आणला होता, मी मल्टिमीटर (व्होल्ट आणि प्लस-मायनस तपासायचं यंत्र) पर्समध्येच ठेवते म्हणून वाचले. मल्टिमीटर घ्या. कुठल्याही वाद्याच्या आधी घ्या.

सगळ्यात येडी वस्तू माझ्याकडे थेरेमिन आहे. हात न लावता वाजतं, रशियातल्या लेव्ह तेर्मेन नावाच्या शास्त्रज्ञानं १९२०च्या सुमारास बनवलेलं. एक उभी दांडी, एक आडवी कडी, दांडीजवळ हात नेला की सूर चढतो, कडीजवळ नेला की आवाज बारीक होतो. आत दोन ऑसिलेटर (विजेची कंपनं तयार करणारी सर्किटं) असतात, माणसाच्या ऐकण्यापलीकडच्या वारंवारितेचे, आपल्या हातानं एकाची वारंवारिता किंचित हलते आणि दोघांतला फरक आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. माझं विकतचं नाही. आमच्या ओळखीचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, आता टीव्हीचं काम कुणी आणत नाही, त्यांना नेटवरचं सर्किट प्रिंट काढून दिलं तर त्यांनी हातात घेऊन म्हटलं, "हा तर रेडिओच आहे, उलटा!" मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं पार्ट मागवले, खोकं त्यांच्याकडच्याच जुन्या टेबल रेडिओचं, लाकडी. मीड काय निघते राव त्याच्यावर, मीडच मीड, सरळ सूर लावणं हाच त्रास. लोखंडी कपाटाजवळ ठेवलं तर सगळं ट्यूनिंग हलतं, नवरा मागून चहा घेऊन गेला तरी पंचमाचा धैवत होतो. बिघडलं की काका आहेत, सायकलवर दहा मिनिटं.

घरात अर्थिंग नावाला असल्यामुळे थेरेमिनमध्ये हम (विजेची सतत घूं-घूं) येतो, तो तसा सगळ्यांच्याच घरी येतो. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ५० हर्ट्झ म्हणजे खर्जातली पांढरी पाच (पेटीवरची पाचव्या पांढऱ्या पट्टीची), किंचित चढी. वायरमनला सांगून अर्थिंग दुरुस्त करून घ्या हे बरोबर उत्तर आहेच, पण तोपर्यंत मी पांढरी पाचच पट्टी धरली, तानपुरा महावितरणचा.

बाहेरून मागवायचं असेल तर मनाची तयारी ठेवा. वेबसाइटवरची किंमत ही किंमत नसते. कस्टम ड्युटी लागते, तीही नुसत्या वस्तूवर नाही तर पाठवणावळ धरून, वरून आयजीएसटी हा कर, वरून कुरियरवाल्यांचा चार्ज. आणि बिघडली तर वॉरंटीसाठी परत पाठवायचा खर्च आपला. टीनेज इंजिनिअरिंग या स्वीडिश कंपनीचे पॉकेट ऑपरेटर नावाचे छोटे सिंथेसायझर, ते २०१५पासूनचे, कॅल्क्युलेटरसारखे दिसणारे, सर्किट उघडंच, दोन बारक्या सेलवर चालतात, ते मला पटतात, कारण निदान समोर दिसतंय काय सुटलंय ते. पण सगळं टचस्क्रीन आणि अपडेटवर चालणारं महाग खोकं मी घेणार नाही, कंपनीनं अपडेट बंद केलं तर कुठले काका येणार आहेत?

मोबाईलच्या अ‍ॅपवर सगळं फुकट मिळतं हेही ऐकते मी. मिळतं. वापरा. मला मात्र रंगात आल्यावर लोनवाल्याचा फोन आलेला चालत नाही, आणि काचेवर बोट कुठे आहे ते डोळे मिटून कळत नाही.

आणि विचित्रच हवं असेल तर जपान-स्वीडनपर्यंत जायच्या आधी नंदुरबारकडे बघा ना. पावरी बघितलीये का कधी? सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, तोंडाशी फुंकायचं आणि श्वास न तोडता फुंकत राहायचं. तिकडच्या काठी गावच्या होळीला मोठे ढोल वाजतात ते लोक मोबाईलवर शूट करून आणतात, पावरी वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला मात्र कुणी थांबून विचारत नाही की बाबा हे तुम्ही कसं बनवता. जगातल्या कुठल्याही सिंथेसायझरपेक्षा विचित्र आवाज आहे तो, आणि बनवणारा माणूस एसटीच्या अंतरावर बसलाय. घासाघीस करू नका मात्र. तीस हजारांच्या इंपोर्टेड खोक्याला एमआरपी देणारे आपण, भोपळ्याला पाचशे कमी करा म्हणतो, हे मला अजिबात आवडत नाही. सांधे मेणानं बुजवलेले असतात, तेव्हा उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, भुसावळपर्यंत येईस्तोवर पाघळेल.

बाकी कुणाच्या माळ्यावर जुना कॅसिओ पडला असेल तर टाकू नका, मेसेज करा. पट्ट्या वाजत नसल्या तरी चालेल, अ‍ॅडॉप्टर नसला तरी चालेल. फक्त सेल आत राहून फुटलेले असतील तर आधी फोटो पाठवा, ती हिरवी बुरशी सर्किटपर्यंत गेली का ते बघून सांगते.