‘सवय होईल’ हे उत्तर चुकीचे होते : सीपॅप यंत्र आणि तोंडाची कोरड यासंबंधीच्या अभिप्रायास दुकानमालकाचे उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय मी तीनदा वाचला. मार्चच्या अखेरीस आपण आमच्या धंतोलीतील दुकानातून वडिलांसाठी सीपॅप यंत्र, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाची हवा देणारे यंत्र, नेले. पहिल्या आठवड्यापासूनच त्यांच्या तोंडाला इतकी कोरड पडू लागली की रात्री दोन-अडीचला जीभ टाळूला चिकटून त्यांना जाग येते आणि उशाशी ठेवलेला तांब्या सकाळपर्यंत रिकामा होतो. आपण तीन वेळा फोन केलात. दोनदा ‘पाणी प्या, सवय होईल’ एवढेच उत्तर मिळाले आणि तिसऱ्यांदा महागडा मोठा मास्क घेण्याचा सल्ला मिळाला. आता यंत्र कपाटात आहे, पैसे वाया गेले आणि दुकानाने फसवले, असे आपण लिहिले आहे. तक्रार जाहीर असल्यामुळे उत्तरही जाहीरच द्यावे, असे मला वाटते. काकांच्या, म्हणजे आपल्या वडिलांच्या, यंत्रातील कार्डावरचे आकडे किंवा त्यांचे वैद्यकीय तपशील मात्र मी येथे लिहिणार नाही. जे आपण स्वतः लिहिले आहे, तेवढ्याच आधारे बोलतो.

प्रथम आमची चूक. नाकावर मास्क बसवून झोपण्याची सवय होते, नळीची होते, यंत्राच्या मंद आवाजाचीही होते. तोंडाच्या कोरडीची सवय होत नाही आणि ती व्हावी अशी अपेक्षाही कोणी करू नये. हवा नको त्या वाटेने जात आहे किंवा तिला पुरेसा ओलावा मिळत नाही, याची ती खूण आहे. कारण शोधले तर बहुतेक वेळा ती आटोक्यात येते. फोनवर आमच्या माणसाने कारण विचारायला हवे होते, ते त्याने विचारले नाही. याबद्दल मी आपली आणि काकांची क्षमा मागतो.

आपल्या अभिप्रायातील एका वाक्याकडे आमच्याकडे कोणाचेही लक्ष गेले नव्हते. ‘पाण्याचे भांडे सकाळी जवळजवळ तसेच भरलेले असते, मग ते भरायचे तरी कशाला?’ असे आपण विचारले आहे. हे भांडे यंत्रातल्या हवेला ओलावा देण्यासाठी असते. यंत्रातून मिनिटाला साधारण ३० ते ४० लिटर हवा वाहते, म्हणजे सात तासांच्या झोपेत ती बारा हजार लिटरांच्या वर जाते. एवढी हवा भांड्यातील कोमट पाण्यावरून गेली, तर तीनशे-चारशे मिलिलिटरांच्या भांड्यातले पाणी उन्हाळ्याच्या रात्री स्पष्ट दिसण्याइतके खाली गेलेच पाहिजे. ते जात नसेल, तर भांड्याखालची तापणारी पट्टी तापत नाही, हाच त्याचा सरळ अर्थ आहे.

आपल्या यंत्राची नोंद मी वहीत शोधून काढली. दुकानात प्रात्यक्षिक दाखवताना आम्ही भांड्यात पाणी भरत नाही, म्हणून आर्द्रता बंद ठेवतो आणि यंत्र देताना ती पुन्हा सुरू करून तिची पातळी नोंदवतो. आपल्या नोंदीत त्या रकान्यात काहीच लिहिलेले नाही. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही. परंतु आर्द्रता बंद ठेवूनच यंत्र आपल्या घरी आले असावे, असे मला दिसते. तसे असेल तर काकांनी दोन महिने भांडे भरले, धुतले, पुसले आणि त्या पाण्याचा त्यांना काडीचाही उपयोग झाला नाही. याचा दोष सर्वस्वी आमचा आहे.

काका एसीच्या खोलीत झोपतात, हेही आपण लिहिले आहे. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरची हवा आधीच कोरडी ठणठणीत असते आणि एसी खोलीतल्या हवेतला ओलावा आणखी काढून घेतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर याच्या अगदी उलट वागतो, कारण तो हवेत ओलावा सोडतो. म्हणूनच कूलरच्या खोलीत झोपणारे आमचे काही ग्राहक नवतपातही, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतही, कोरडीची तक्रार करत नाहीत आणि एसीत झोपणारे करतात. काकांनी एसी सोडावा असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या यंत्राची आर्द्रता कूलरच्या खोलीत झोपणाऱ्याच्या यंत्रापेक्षा वरच्या पातळीवर ठेवावी लागेल, इतकेच.

तरीही केवळ आर्द्रता सुरू केल्याने सर्व काही मिटेल, असे आश्वासन मी देणार नाही, कारण आपण सांगितलेली दुसरी खूण तोंड उघडे पडण्याकडे बोट दाखवते. ‘बाबांचे ओठ रात्री फुर्रफुर्र वाजतात,’ असे आईने सांगितल्याचे आपण लिहिले आहे. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपचार जगापुढे मांडला, तेव्हाही हवा नाकावाटेच दिली होती आणि काकांचा मास्कही नाकाचाच आहे. झोपेत जबडा सैल पडून तोंड उघडले, की नाकातून आत ढकललेली हवा घसा उघडा ठेवण्याऐवजी तोंडावाटे बाहेर पळते. हा एकाच दिशेने वाहणारा वारा रात्रभर जिभेवरून आणि टाळूवरून फिरतो. झोपेत लाळ मुळातच कमी सुटते, त्यामुळे तोंड लाकडासारखे होते. एवढ्यावर हे थांबत नाही. एरवी आपण नाकाने श्वास सोडतो, तेव्हा बाहेर जाणारी ओली हवा नाकाच्या अस्तराला थोडा ओलावा परत देऊन जाते. तोंडावाटे गळती असली की तो ओलावा परत मिळत नाही, अस्तर कोरडे पडून सुजते, नाक चोंदते आणि नाक चोंदले की माणूस तोंड अधिकच उघडतो. हे चक्र कोठेतरी तोडावे लागते. घटाघटा पाणी पिऊन ते तुटत नाही. फक्त लघवीसाठी आणखी दोनदा उठावे लागते.

म्हणूनच मोठ्या मास्कविषयी आपल्याला जो राग आला, तो रास्त आहे. नाक व तोंड दोन्ही झाकणारा मास्क काही रुग्णांना खरोखरच लागतो. परंतु आर्द्रता तपासली नाही, नाक पाहिले नाही आणि थेट तो मास्क पुढे केला, हे विक्रेत्याला शोभत नाही. आधी काकांनी दिवसा, जागेपणी, खुर्चीत बसून मास्क लावावा आणि तोंड मिटून दहा मिनिटे नाकाने श्वास घ्यावा. तेवढ्यातच जीव घुसमटत असेल, तर अडचण नाकात आहे आणि ते कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पाहायचे काम आहे. पडदा वाकडा असेल, ॲलर्जी असेल, तर त्यावर उपाय असतात. साध्या मिठाच्या पाण्याचा फवारा झोपण्यापूर्वी मारल्यानेही पुष्कळांना आराम पडतो. नाक मोकळे असूनही जबडा पडत असेल, तर हनुवटीला आधार देणारा पट्टा वापरून पाहता येतो आणि त्यानेही भागले नाही, तरच मोठा मास्क. काका रात्री कवळी काढून ठेवत असतील, तर तेही मला सांगावे. कवळी काढल्यावर गाल आत जातात आणि दुकानात कवळीसह नीट बसलेला मास्क घरी रात्री बाजूने हवा सोडू लागतो.

नातेवाइकांनी तोंडाला चिकटपट्टी लावण्याचे सुचवल्याचा आपण उल्लेख केला आहे. कृपया ती लावू नये. नाक चोंदलेले असताना, उलटी झाल्यास किंवा मे-जूनच्या वादळात वीज जाऊन यंत्र बंद पडल्यास तोंड उघडता येणे हाच माणसाचा आधार असतो. नाकात साजूक तूप घालून मास्क लावणेही टाळावे. आपल्या घरांतून हा उपाय जिव्हाळ्याने सांगितला जातो हे मला ठाऊक आहे; पण स्निग्ध पदार्थाने मास्कची मऊ गादी खराब होऊन गळती वाढते आणि दाबाच्या हवेबरोबर तूप छातीपर्यंत जाण्याचा धोका असतो.

पाण्याविषयी आपण विचारले आहे, म्हणून सांगतो. भांड्यात औषधाच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणीच घालावे. बॅटरीचे पाणी म्हणून गॅरेजमध्ये मिळते ते श्वासासाठी बनवलेले नसते. बोअरवेलच्या पाण्याने तर आठवड्याभरात तळाशी पांढरा थर धरतो. उरलेले पाणी रोज सकाळी ओतून भांडे धुवावे.

यंत्राशी संबंध नसलेली कारणेही असतात आणि ती विक्रेत्याला दिसत नाहीत. सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या तसेच लघवीवरील काही औषधे तोंड कोरडे करतात, वाढलेली साखरही करते. काकांच्या सर्व औषधांची यादी त्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवावी; स्वतःहून कोणतीही गोळी बंद करू नये. काका खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खातात की नाही, हे मला ठाऊक नाही आणि तसे सुचवण्याचा माझा हेतूही नाही. परंतु हे उत्तर वाचणाऱ्या इतर नागपूरकरांसाठी लिहितो, की रात्री उशिरापर्यंत तोंडात खर्रा धरून मग मास्क लावणाऱ्याची कोरड कोणतेही यंत्र दूर करू शकत नाही. कोरड दीर्घकाळ राहिली तर दातही किडू लागतात, म्हणून दंतवैद्यांनाही एकदा दाखवणे चांगले.

दोन गोष्टींवर मात्र मी आपल्याशी सहमत नाही. यंत्र ‘अंगातले पाणी शोषते’ असे आपण लिहिले आहे, ते तसे नाही. कोरडी हवा तोंडातला ओलावा नेते आणि त्याचे कारण दुरुस्त करता येते. दुसरे असे, की दाब आम्ही मुद्दाम जास्त ठेवला हा आरोप बरोबर नाही. दाब डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीप्रमाणेच ठेवलेला आहे आणि त्या चिठ्ठीची प्रत आपल्याकडेही आहे. दाब जास्त वाटत असेल तर तोंड उघडू शकते, हे खरे. परंतु तो कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांचा आहे. आपण सांगितल्यावरूनही मी तो बदलणार नाही.

मला सर्वांत अधिक काळजी वाटली ती अभिप्रायाच्या शेवटच्या ओळीची. यंत्र कपाटात गेल्यापासून काका पुन्हा दुपारी बसल्या बसल्या झोपी जातात आणि तरीही रोज वर्धा रोडने स्वतः गाडी चालवतात, असे आपण लिहिले आहे. झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाला चाकामागे डुलकी लागणे हा फार मोठा धोका आहे. झोप पुन्हा सुधारेपर्यंत गाडी दुसऱ्या कोणी चालवावी आणि डॉक्टरांनाही हे कळवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

येत्या शनिवारी, काकांच्या झोपण्याच्या वेळी, मी स्वतः आपल्याकडे येईन. वेळ आपण दुकानात फोन करून सांगावी. आर्द्रता सुरू करून देईन, काका आडवे झाल्यावर मास्क पुन्हा बसवून गळतीचा आकडा पाहीन आणि हनुवटीचा पट्टा सोबत आणीन. पुढे मोठा मास्क लागलाच तर आधीचा नाकाचा मास्क परत घेऊन, फरकाची रक्कम न आकारता तो देईन. तपासणीत पट्टीच तापत नसल्याचे आढळले तर यंत्र हमीच्या मुदतीत आहे, आणि दुरुस्तीच्या काळात काकांना वापरायला दुसरे यंत्र त्याच रात्री ठेवून जाईन. भांड्यात पाणी भरल्यावर बाहेरून पातळीवर शाईची खूण करू. रविवारी सकाळी मी पुन्हा येऊन पाणी खुणेपासून किती खाली गेले ते पाहीन, तोवर भांडे कोणी रिकामे करू नये.