पाटी लखलखीत, नाव बेपत्ता

दिवाळी तोंडावर आली की दारावरच्या पितळी पाटीकडे तुमचं लक्ष जाणारच. नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासात गेली, आजोबांच्या नावाची पाटी तेवढी तुम्ही घोडबंदरच्या टॉवरात आणलीत. आता वर्षातून एकदा तिच्यावर हात साफ केलाच पाहिजे.

सुरुवातीलाच स्क्रू काढण्याच्या भानगडीत पडू नका. पाटी दारावर असतानाच घासावी, म्हणजे पॉलिशचा पांढरट डाग चारी बाजूंनी सागवानावर उतरतो आणि पाटीला फुकटात चौकट मिळते.

आता चिंच. आजीनं घंगाळं चिंचेनं घासलं, पाटीनं काय पाप केलंय? थापा आणि खुशाल मालिका बघायला बसा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट फार वेळ राहिलं की जस्त निघून जातं, तांबं उरतं आणि पाटी गुलाबी पडते. शेजाऱ्यांना सांगा, रोझ गोल्ड आहे. पाटीवर लॅकरचा पारदर्शक थर असेल, तर आधी काथ्यानं निम्मा खरवडून घ्या. उघडं पितळ काळवंडेल, झाकलेलं चमकेल आणि तुमच्या दारावर जगाचा नकाशा तयार होईल.

घासताना हात गोल गोल फिरवा. कारागिरानं आडव्या रेघांचा पोत दिला असेल, तर तो त्याचा हट्ट, तुम्ही का पाळावा? पॉलिश अक्षरांत जाऊन वाळू द्या. ते जुन्या दातकोरण्यानं काढताना आतला काळा रंगही खपलीसारखा सुटतो. पहिला जातो अनुस्वार, मग रफार. पेंडसे होते त्यांचे पेडसे होतात, कुलकर्ण्यांचे कुलकणी. कुरिअरवाल्याला काही फरक पडत नाही, तो फ्लॅट नंबर बघतो.

पाटी फार जुनी असेल तर अक्षरांत रंगाऐवजी लाख भरलेली असण्याची शक्यता आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोविडातलं सॅनिटायझर कपाटात पडून असेलच, ते आज सार्थकी लावा. पन्नास वर्षं जागची न हललेली आडनावं कापसाच्या एका बोळ्यावर उतरतात.

नाव गेलं? मग रंग भरणं आलंच. हार्डवेअरच्या दुकानातून काळ्या ऑइलपेंटची सगळ्यात लहान डबी आणा. अक्षरांतलं तेल, पॉलिश पुसून काढण्यात वेळ घालवू नका, रंग कशाला तरी चिकटेलच. ब्रश जाडसर घ्या, पाटी पूर्ण काळी होईपर्यंत फासा. मग मऊ, ढगळ फडका थिनरमध्ये चांगला बुचकळून, त्यात बोट खुपसून पुसा. फडका खाचेत उतरतो आणि भरलेला सगळा रंग प्रामाणिकपणे परत आणून देतो. पुन्हा भरा, पुन्हा पुसा. रविवार असाच जायचा असतो.

काही चिकट माणसं रंग रात्रभर सुकू देतात. मग सपाट लाकडी ठोकळ्यावर फडका ताणून गुंडाळतात, टर्पेंटाइनचा जेमतेम ओलावा देतात आणि अक्षरांना तिरकं, हलक्या हातानं फिरवतात. ठोकळा सपाट असल्यानं वरचा रंग निघतो, खाचेतला राहतो. तरीही वर डाग राहिला, तर हजार-बाराशे नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून, पोताच्याच दिशेनं. असल्या लोकांच्या पाट्यांत बघण्यासारखं काही नसतं. नाव दिसतं, एवढंच.

एवढं करूनही जमलं नाही, तर बाजारात नेमप्लेटवाला आहेच. तो पाटी उलटसुलट करून बघेल, तुमच्याकडेही बघेल आणि म्हणेल, ''उद्या संध्याकाळी न्या, रंग वाळायला हवा.'' त्याचं मुळीच ऐकू नका. अर्ध्या तासात पाहिजे म्हणावं, बाहेर रिक्षा थांबवलीय.