पन्नास मिनिटांचे बंद दार

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेत माझ्या मुलीला गणितात फार कमी गुण मिळाले आणि ही गोष्ट मला सोडून घरातल्या सगळ्यांना आठ दिवस ठाऊक होती. मला ती कळली, तेव्हा तिने आपल्या आईला घातलेली अटही कळली: "बाबाला सांगू नकोस, तो लगेच उपाय सांगत बसेल." हे वाक्य मला फार लागले, कारण ते खरे होते. माझे वय ४६, राहणार सांगली, नोकरी नीट चाललेली, झोप आणि भूक जागेवर. औषध घ्यावे असे मला काहीही झालेले नव्हते. पण घरच्यांनी आपले दुखणे ज्याच्यापाशी बोलावे असा माणूस मी उरलो नव्हतो आणि तेवढ्यासाठी मी ऑनलाइन मानसोपचार सुरू केला. त्याला आता दहा महिने झाले आहेत.

पहिला प्रयत्न फसला. एका अ‍ॅपवर नाव नोंदवले, तिथे दर वेळी नवी व्यक्ती समोर यायची आणि बोलणे इंग्रजीतून व्हायचे. मुलीच्या त्या वाक्याने काय वाटले, असे विचारल्यावर मी 'अपसेट' झालो असे सांगितले आणि विषय तिथेच संपला. पुढे पुण्याच्या एका मराठी मानसशास्त्रज्ञ बाईंचे नाव मिळाले. त्यांनी हाच प्रश्न मराठीतून विचारला आणि मी बराच वेळ शब्द शोधत राहिलो. मी रागावलो नव्हतो, दुखावलो होतो हेही पुरेसे खरे नव्हते. मी रुसलो होतो. ४६ वर्षांचा बाप सोळा वर्षांच्या मुलीवर रुसून बसला होता आणि आपण कर्तव्य म्हणून गप्प आहोत अशी स्वतःची समजूत घालत होता. तो शब्द तोंडातून बाहेर पडला, तेव्हा डोळ्यांत पाणी आले. इंग्रजीत तो मला सापडलाच नसता.

म्हणूनच मला वाटते की ऑनलाइन मानसोपचाराचा सर्वांत मोठा लाभ प्रवास वाचण्यात नाही. आपल्या भाषेतला माणूस गाठता येतो, हा तो लाभ आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला आणि परदेशात राहणाऱ्या मराठी माणसालाही आता तो गाठता येतो.

आमच्या कामाचा मोठा भाग विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पद्धतीने चालतो. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ती मांडली आणि मराठीत ती चांगली रुजली आहे. माणूस इच्छेचा हट्ट करतो आणि त्या हट्टापायी स्वतःला त्रास करून घेतो, असे या पद्धतीचे सांगणे आहे. एका सत्रात बाईंनी माझेच वाक्य चॅटमध्ये लिहून पाठवले: 'मुलीची अडचण मला सोडवता आलीच पाहिजे.' त्यातला 'च' काढून ते पुन्हा वाचायला सांगितले. मग 'पाहिजे'च्या जागी 'तर मला बरे वाटेल' असे लिहायला सांगितले. बदललेले वाक्य मोठ्याने वाचताना माझे खांदे खाली आले, हे मला जाणवले आणि पडद्यावर बाईंनाही दिसले. त्यांनी पहिल्याच दिवशी फोन थोडा लांब ठेवायला सांगितला होता, म्हणजे चेहऱ्यासोबत खांदे आणि हातही दिसतात. पडद्यावरून नाते जुळत नाही असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की, बोलता बोलता मी किल्ल्यांचा जुडगा फिरवू लागलो की त्या थांबून विचारतात, "आता काय आठवले?"

या मार्गाला मर्यादा आहेत आणि त्या लपवू नयेत. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील किंवा घरात मारहाण होत असेल, तर आठवड्याच्या एका व्हिडिओ कॉलवर विसंबून चालणार नाही. तिथे प्रत्यक्ष मदतच लागते. तातडीने बोलायचे असल्यास केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून मोफत उपलब्ध आहे आणि त्यावर मराठीतून बोलता येते. औषधे मनोविकारतज्ज्ञ देतात, मानसशास्त्रज्ञ देत नाहीत. समुपदेशक म्हणवणाऱ्यांचे शिक्षण मात्र फार कमीजास्त असते, म्हणून पदवी, अनुभव आणि नोंदणी यांविषयी पहिल्याच कॉलमध्ये विचारावे. विचारण्यात अपमान नाही. खर्च हाही प्रश्न आहेच; एका सत्राचे १२०० रुपये मला जड जातात, म्हणून मी आता पंधरा दिवसांतून एकदा बोलतो.

खरी अडचण मला घरातच आली. आमच्या दोन खोल्यांच्या घरात दार लावून बसणे म्हणजे काहीतरी बिनसले असल्याची खूण. पहिल्या सत्रात आईने तीन वेळा दार वाजवले, "बरं नाही का रे?" पुढची पाच सत्रे मी इमारतीखाली उभ्या गाडीत बसून केली, काचा वर करून, कोणी ओळखीचे आले की आवाज खाली आणून. अशा अवस्थेत माणूस मनातले खोल काही बोलत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. शेवटी आईला सगळे सांगितले. तिला वेडेपणाची शंका आली, ती घाबरली, आणि मग तिने एकच विचारले, "माझ्याबद्दल बोलतोस का?" मी हो म्हणालो. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

आता मंगळवारी रात्री आठ वाजता ती टीव्हीचा आवाज कमी करते. शेजारच्या काकू आल्या तर तो कामात आहे म्हणून सांगते. आत काय बोलणे झाले, हे घरात कोणी विचारत नाही. पन्नास मिनिटांनी मी दार उघडतो, तेव्हा ती एवढेच म्हणते, "झालं बोलून? मग पानं घेते."